अयूबभाईंच्या दुकानाची आतली बाजू

राजुऱ्याच्या बस स्टँडसमोर अयूबभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांचं बाकडं, फोन आणि अयूबभाईंची खुर्ची. आतल्या खोलीत चार्जिंगचं यंत्र, ॲसिडचे कॅन आणि जमिनीवर रांगेनं मांडलेल्या बॅटऱ्या. मधल्या दाराला हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे अयूबभाई बसत, पलीकडे त्यांची बायको शगुफ्ता.

अयूबभाईंचं नाव मोठं होतं. जिवतीच्या घाटात चढणारे काळी-पिवळी जीपवाले, ट्रॅक्टरवाले, टीव्ही पाहण्यासाठी सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधून आणणारे खेड्यातले लोक, सगळे त्यांच्याकडेच येत. गिऱ्हाइकानं बॅटरी आणली की अयूबभाई आधी तांब्याच्या वायरनं दोन्ही टोकं क्षणभर जोडून चर्रकन चिणगी पाडत. चिणगी पाहून मान हलवत. मग बॅटरी पडद्याखालून आत सरकवत आणि खुर्चीत बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. थोड्या वेळानं आतून पान्याचे ठोके ऐकू येत. ठोके थांबले की अयूबभाई गोष्ट अर्धवट सोडून म्हणत, “तिसरा सेल गेला रे तुझा. बाकी पाच चांगले हायेत.” बॅटरी उघडून पाहावी तर खरोखर तिसराच सेल गेलेला असे. लोक तोंडात बोटं घालत.

आता यातली आतली बाजू सांगतो. अयूबभाईंना दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच अंधार नव्हता. उजवा डोळा पार गेला होता आणि डाव्याला उजेड, माणसांचे आकार आणि चिणगी एवढं दिसे. १९९७ च्या जानेवारीत हे झालं. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधी ओतायचं नाही, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. अयूबभाईंना ते झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी दाराशी दोन जीपवाले हॉर्न वाजवत होते, यांचं लक्ष त्यांच्याकडे, आणि हातातला पाण्याचा मग ॲसिडाच्या बादलीत उपडा झाला. बादली उकळून तोंडावर उडाली. नागपूरच्या दवाखान्यात दोन महिने गेले. परत आले ते काळा गॉगल लावून.

“कोणाले सांगू नको,” त्यांनी शगुफ्ताला सांगितलं. “आंधळ्याच्या हाती बॅटरी कोण देईल? सहा महिन्यांत डोळा सुधरते, डॉक्टर बोलला. तेवढे दिवस तू आत बस. काचेतलं वाचून मले इशारा करत जा.”

डॉक्टर असं काही बोलला नव्हता. शगुफ्ता तिथंच उभी होती, तिनं ऐकलं होतं. पण नवऱ्याचं तोंड पाहून ती हो म्हणाली. सहा महिन्यांची आठ वर्षं झाली.

ती बल्लारपूरची. उर्दू शाळेत आठवीपर्यंत शिकली होती आणि हिशेबाला पक्की होती. काचेच्या पिचकारीनं सेलमधलं पाणी ओढायचं, आतल्या तरंगत्या नळीवरचा आकडा वाचायचा, साडेबाराशेच्या वर असला तर सेल भरलेला, साडेअकराशेपर्यंत उतरला तर बसलेला, एवढं ती आठवड्यात शिकली. वाईट सेल कितवा ते पान्यानं लोखंडी पाटावर ठोकून सांगायचं. बोललं तर बाहेर ऐकू जाई, ठोक्यांना मात्र लोक आतलं काम समजत. एवढं शिकल्यावर ती थांबली नाही. खोटं कशाला बोला, तिला हे काम आवडायला लागलं. कोणत्या बॅटरीला घाईनं चार्ज केलंय, कोणती उन्हाळाभर कोरडी ठेवलीय, कोणाच्या टर्मिनलवर पांढरा भुगा का साठतो, हे तिला पाहताच कळे. कोणी घाईत डिस्टिल वॉटरऐवजी विहिरीचं पाणी घातलेलं दिसलं की तिचं डोकं फिरे. मालक बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत असे, आणि ही आत ओठांतल्या ओठांत बॅटरीलाच रागावे. “मेल्यानं क्षाराचं पाणी पाजलं तुले. आता त्याले कोण सांगन?” सांगणार कोण, हा प्रश्न खराच होता. तिला सगळं कळत होतं आणि बोलायची सोय नव्हती.

आणि उठायचीही सोय नव्हती. दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ. त्या वेळात कधीही बॅटरी येणार, म्हणून त्या सगळ्या वेळात ती आत पाहिजे. शुक्रवारी नमाजाच्या वेळी दीड तास दुकान बंद असे, तेवढ्यात तिचा बाजार, शिंपी, शेजारपाजार. आठ वर्षांत ती एक रात्र बाहेर राहिली नाही. कोणी लग्नाला बोलावलं की ती म्हणे, “यांची शुगर सांभाळा लागते.” अयूबभाईंना शुगर नव्हती. पण एक झाकायचं म्हटलं की दुसरं सांगावंच लागतं, आणि मग तिसरं. गावातल्या बायका म्हणत, शगुफ्ताबाईला नवऱ्याशिवाय करमत नाही. ती ऐकून घेई.

दोघांना एकच मुलगी, निशात. तिला माजरीला दिली होती. जावई कोळशाच्या खाणीत, पाळ्यांची नोकरी. घरात सासू नाही, नणंद नाही. २००५ च्या नोव्हेंबरात निशातचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून शगुफ्ता बाहेर येऊन बोलू शकली.

“अम्मी, डॉक्टरीण बोलली का आता उठाचं नाई. बाळ खाली आलं म्हणते. पलंगावरच राहा, गाडीत तर बसूच नको.”

“मंग इथी कशी येशील तू?”

“मी नाई येऊ शकत. तू ये ना. हे रातपाळीले गेले का मी एकटीच असतो. भेव लागते अम्मी.”

पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हावं, ही रीत आहे. रीत बाजूला ठेवली तरी पोर घाबरलेली होती. शगुफ्तानं फोन ठेवला आणि तिथल्या तिथं नवऱ्याला सांगितलं, “मले जा लागते. बाळंतपण होऊन चाळीस दिवस होईपर्यंत मी तिथीच राहीन.”

अयूबभाई खुर्चीत ताठ झाले. “दुकानाचं काय?”

“बंद ठेवा.”

“दोन महिने? समोर तो मशीनवाला येऊन बसला हाये. एकदा गिऱ्हाईक तिकडे गेलं का वापस येते का?”

मशीनवाला म्हणजे समोरच्या बाजूला दिवाळीत नवं दुकान उघडलेला माणूस. त्याच्याकडे बॅटरीला चिमटे लावले की लाल आकडे दाखवणारा डबा होता. त्या आकड्यांची अयूबभाईंनी धास्ती घेतली होती.

“मंग सांगून टाकू लोकाले,” शगुफ्ता म्हणाली. “का तुम्हाले दिसत नाई, आन् बाई आली का काम होईल.”

अयूबभाईंनी गॉगल काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. त्यांचा तो पांढरा पडलेला डोळा आणि दुसरा, नेमका भलतीकडे पाहणारा. हे त्यांचं हुकमी हत्यार होतं. गॉगल निघाला की शगुफ्ताचा राग विरघळत असे, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. ती पडद्याआड गेली. पण या वेळी राग पूर्ण गेला नाही. माजरी राजुऱ्यापासून फार तर दोन-अडीच तासांवर. आठ वर्षं ज्या खोलीत ती आपखुशीनं बसत होती, त्याच खोलीत आता तिला कोंडल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात वारलू मास्तर आपली गाडी घेऊन आले.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा रोशन पुण्यात नोकरीला. त्यानं तिथं एक छोटी विजेवर चालणारी गाडी घेतली होती, पण ती त्याच्या बायकोला पसंत पडली नाही म्हणून वडिलांना पाठवून दिली. दोन माणसं कशीबशी मावतील एवढी गाडी. आवाज नाही, धूर नाही. पोरं तिला खेळण्यातली गाडी म्हणत, आणि बैलसुद्धा तिला वाट देत नसत. मास्तरांचा मात्र तिच्यावर जीव. रात्री घराच्या ओट्यावरून वायर टाकून ते ती चार्ज करत आणि सकाळी सगळ्या गावासमोरून एकदा तरी नेत.

“अयूबभाऊ, हे कोडं सोडवून द्या,” मास्तर म्हणाले. “सीटखाली आठ मोठ्या बॅटऱ्या हायेत. साऱ्या फुल. तरी गाडी उठतच नाई. चावी फिरवली का ढिम्म.”

अयूबभाईंनी आयुष्यात विजेची गाडी पाहिली नव्हती, आणि आता पाहणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, “पुस्तक हाये का गाडीचं? ठेवून जा. दुपारी पाहून सांगतो.”

पुस्तक इंग्रजीत होतं, पण मागे चार पानं हिंदीत होती आणि चित्रं होती. दुपारी जेवताना शगुफ्तानं ती चार पानं दोनदा वाचली. आठ मोठ्या बॅटऱ्यांच्या शेजारी एक लहान बॅटरी होती. दिवे, हॉर्न, वायपर तिच्यावर. आणि चावी फिरवली की मोठ्या बॅटऱ्यांना जोडणारा आतला खटकाही तिच्यावरच. ती बसली की मोठ्या आठही भरलेल्या असून उपयोग नाही, त्यांना कोणी उठवतच नाही. शगुफ्ताला हे वाचून इतका आनंद झाला की तिचा घास ताटातच राहिला.

“मास्तरले विचारा, त्या लहानीवर त्यानं काय काय बसवलं,” ती म्हणाली.

संध्याकाळी अयूबभाईंनी विचारलं. मास्तरांनी अभिमानानं सांगितलं की टेप बसवला आहे, छोटा पंखा बसवला आहे आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला चोवीस तास जळणारा लाल दिवा लावला आहे. पडद्याआड शगुफ्तानं कपाळावर हात मारला. तिला बाहेर येऊन सांगावंसं वाटत होतं की मास्तर, तुम्ही विज्ञान शिकवलं की काय शिकवलं. पण ठोक्यांनी एक ते सहा एवढंच सांगता येतं. ती बसून राहिली.

मास्तर गेल्यावर तिनं नवऱ्याला समजावलं. “लहानच टाका. पुस्तकात लिवली तेवढीच, तशीच. ते दिवे-पंखे काढा म्हणा. दुसरं काही लागत नाई.”

अयूबभाईंना ते पटलं नाही. त्यांचा जन्म जीप आणि ट्रॅक्टरमध्ये गेला होता, आणि तिथं मोठी बॅटरी म्हणजे मोठा दम. शिवाय समोर मशीनवाला. गावातली एकुलती एक विजेची गाडी आपल्याकडे आली, तर तिला पोराच्या सायकलीच्या दिव्यासारखी बॅटरी काय म्हणून द्यायची? दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपची नवी बॅटरी काढली. सीटखालच्या खोक्यात ती मावेना, तर पत्रा कापला. स्वतः हातानं चाचपून बसवली, कारण हात त्यांचे अजूनही उत्तम होते.

“एक रबराची नळी मधात येऊन राह्यली होती,” आत येऊन त्यांनी सांगितलं. “दाबून बसवली. आता पाह्य त्या गाडीची मजा.”

गाडी उठली, आणि मास्तरांनी स्टँडला दोन फेऱ्या मारल्या. अयूबभाईंनी पंधरा दिवस ती गोष्ट येईल त्याला सांगितली. शगुफ्ताला ठाऊक होतं की ही मजा टिकायची नाही. पुस्तकात लिहिलं होतं, लहान बॅटरीला मोठ्या बॅटऱ्यांकडून थोडी थोडी वीज मिळते. जीपच्या बॅटरीचं पोट त्या थेंबांनी कधी भरायचं? ती अर्धपोटी राहणार आणि अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून सडते. हे तिनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप्प बसली. तिचं लक्ष फोनकडे लागलं होतं. निशात रोज फोन करी. गिऱ्हाईक असलं की अयूबभाई बोलत, “हो बेटा, हो, येईल अम्मी, या आठवड्यात पाहू,” आणि आत शगुफ्ता पिचकारी हातात धरून ते ‘पाहू’ ऐके. एकदा तिनं कपड्यांची पिशवी भरली. संध्याकाळी रिकामी केली. मग पुन्हा भरली आणि चार्जिंगच्या यंत्राखाली ठेवून दिली.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी मास्तरांची गाडी ट्रॅक्टरला बांधून दुकानासमोर आली. माणसं जमली. शेजारचा सायकलवाला मुखरू हातातलं चाक सोडून आला. समोरचा मशीनवाला आपल्या पायरीवर उभा राहून पाहू लागला.

“काय बॅटरी देल्ली अयूबभाऊ?” मास्तर वैतागले होते. “पुन्हा तेच. साऱ्या गावात हसं झालं माझं.”

अयूबभाई चाचपत पायरी उतरून गाडीशी आले. “मास्तर, बॅटरी नवी हाये. मोठ्या बॅटऱ्यांतच काहीतरी फाल्ट असन.”

“त्या फुल हायेत. रातभर चार्जिंगले होत्या. आता वायर काढली आन् सरळ इकडे आणली.”

“उघडा सीट. आत्ता दाखवतो सगळ्याले, नवीत दम हाये का नाई.” आणि अयूबभाईंनी खिशातली तांब्याची वायर काढली.

पडद्याआड शगुफ्ता उभी राहिली. रातभर चार्जिंग. बंद खोकं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून गॅस निघते, ती वास न येणारी, पण चिणगी लागली तर बॅटरीच फुटते आणि आतलं ॲसिड उडतं. म्हणून आतल्या खोलीची खिडकी ती थंडीतही उघडी ठेवी. गाडीत गॅस बाहेर जायला नळी होती, चित्रात दाखवलेली. तीच नळी अयूबभाईंनी दाबून बसवली होती. दुकानात येणाऱ्या बॅटऱ्या उतरलेल्या असत, म्हणून इतकी वर्षं चिणगीनं काही झालं नव्हतं. आज खोकं रात्रभराच्या गॅसनं भरलेलं होतं आणि अयूबभाई त्यावर तोंड करून वाकणार होते. उरलेला डोळा घेऊन.

ठोक्यांनी हे सांगता येत नव्हतं.

“थांबा!” ती ओरडली. पडदा दांडीसकट खाली आला. ती अनवाणी पायरी उतरली, माणसांना ढकलत गेली आणि तिनं नवऱ्याचं मनगट धरलं. “चिणगी नका मारू! गॅस भरली हाये आत! मुखरूभाऊ, ती बिडी विझवा. मागे व्हा सारे!”

सगळे मागे झाले. अयूबभाईंचा हात तिनं सोडला नाही. तिनं सीट पूर्ण उघडून ठेवली आणि अर्धा तास कोणाला जवळ येऊ दिलं नाही. रस्त्याच्या मधोमध गाडी, भोवती लांबून गोल करून उभे लोक, आणि मधे ती. मग तिनं आधी निगेटिव्ह टोक सुटं केलं, नंतर दुसरं, जीपची बॅटरी ओढून बाहेर काढली आणि पिचकारी लावली.

“साडेअकराशेबी नाई,” ती म्हणाली. “नवी असून अर्धी मेली. मास्तर, हिले इंजीन फिरवाचं नाई, मोठा झटका कायले पाह्यजे? हिचं काम लहान हाये, पण रोजचं. पुस्तकात लिवली तेवढीच आणा. आन् तो टेप, पंखा, गणपतीचा लाल दिवा, सारं काढा. गणपतीले अंधारात दिसते.”

लोक हसले. मास्तरांनी खिशातून डायरी काढली आणि विद्यार्थ्यासारखं लिहून घेऊ लागले. शगुफ्ता आता थांबेना. आठ वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते. “दर महिन्याले टोकं साफ करा, घट्ट करा, वर थोडं व्हॅसलिन लावा. गावाले गेले तर पाना लावून निगेटिव्ह काढून ठेवा. पाणी कमी झालं तर डिस्टिलच टाका, विहिरीचं टाकलं तर माझ्याकडे आणू नका. आन् ही नळी पाहा, ही कधीच दाबाची नाई.” तिनं नळी सरळ करून दाखवली.

मग एकदम तिच्या ध्यानात आलं की आपण कुठं उभे आहोत. हातात काच, समोर पन्नास माणसं, आणि शेजारी अयूबभाई, खाली मान घातलेले. तिचा जीव गलबलला.

“यांच्या डोळ्यात आज कचरा गेला होता,” ती घाईनं म्हणाली. “म्हणून मी पाह्यलं.”

वारलू मास्तरांनी डायरी मिटली. “राहू द्या बाई,” ते हळूच म्हणाले. “तो आठ वर्षांचा कचरा हाये. आम्हाले मालूम हाये.”

शगुफ्ताला आधी कळलंच नाही. तिनं मुखरूकडे पाहिलं. मुखरूनं मान खाली घातली.

“तुम्हालेबी?”

“भाभी, भिंतीले भिंत हाये,” मुखरू म्हणाला. “ठोके मोजता येतात मले. तुम्ही तीन ठोकले का माह्या इथी बसलेला माणूस म्हणते, तिसरा सेल गेला.”

“साऱ्या गावाले?”

गर्दीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

“मंग बोलले काऊन नाई कोणी?”

“अयूबभाऊले वाईट वाटलं असतं ना,” मुखरू म्हणाला. “आन् काम तर होऊनच राह्यलं होतं. चांगलं होऊन राह्यलं होतं.”

त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे भले लोक. एका माणसाची लाज राखावी म्हणून अख्खं गाव आठ वर्षं जाणूनबुजून आंधळं झालं होतं. पडद्यामागे कोणीतरी त्याची किंमत भरतंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शगुफ्ताला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

ती नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन गेली. पडदा नव्हता, म्हणून तिनं दार लावलं.

“तुम्हाले मालूम होतं?”

अयूबभाई यंत्राला टेकून उभे होते. त्यांचा हात गॉगलकडे गेला.

“गॉगल राहू द्या,” ती म्हणाली. “सांगा.”

“मुखरूनं सांगितलं होतं. मीच म्हटलं, तू कोणाले बोलू नको,” ते म्हणाले. “पाच सालं झाले असतील.”

इथं एक सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी बल्लारपूरला शगुफ्ताची आई वारली. आजारी होती तेव्हा तीन निरोप आले, बेटीला पाठवा म्हणून. शगुफ्ता गेली ती मय्यतीच्याच दिवशी, सकाळी दहाला, आणि दुपारी चारच्या बसनं परत आली, कारण दुसऱ्या दिवशी दुकान होतं. भावानं त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. बल्लारपूर राजुऱ्याहून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर आहे.

शगुफ्तानं बोटांवर वर्षं मोजली. “म्हणजे अम्मीच्या वेळेसबी तुम्हाले मालूम होतं.”

“हो.”

“काऊन? काऊन असं केलं तुम्ही?”

“तुले मालूम पडलं असतं तर तू बाहेर येऊन बसली असती,” अयूबभाई म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. “लोक तुह्या नावानं आले असते. कुठी गेली तर तुह्यासाठी थांबले असते. माह्यासाठी कोण थांबलं असतं? तूबी नाई.”

त्यातलं शेवटचं खोटं होतं. बाकीचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून शगुफ्ताला ते जास्त लागलं. तिला या माणसाची दया आली आणि त्याच क्षणी त्याचं तोंड पाहू नये असंही वाटलं. एकवीस वर्षांच्या संसारात दोन्ही एकदम कधी वाटलं नव्हतं. तिनं यंत्राखालची पिशवी ओढली. लावलेल्या दोन बॅटऱ्यांची चार्जिंग तशीच चालू राहिली.

“कधी येशील?” अयूबभाईंनी विचारलं.

बुरखा चढवून ती रस्त्यावर आली तेव्हा लोक पांगले होते. मास्तर आपल्या गाडीत बसून कोणीतरी ओढून न्यायची वाट पाहत होते. त्यांनी हात जोडले. तिनं मान हलवली आणि स्टँडमध्ये गेली.

चंद्रपूरची बस लागलेली होती. शेजारीच जिवतीची. शगुफ्ता चंद्रपूरच्या बसमध्ये खिडकीजवळ बसली. चंद्रपूरला उतरून पुढची गाडी धरायची, तिसऱ्या प्रहरापर्यंत माजरी. निशात दार उघडायला उठेल, तिला आधी ओरडायचं, पलंगावर झोप म्हणून. तिकीट काढताना तिच्या हातांना ॲसिडाचा वास येत होता.

बस भरायला लागली तेव्हा तिला अयूबभाई दिसले. आठ वर्षांत त्यांनी कोणाचा हात धरून रस्ता ओलांडला नव्हता. आज मुखरूचा हात धरून, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत ते स्टँडमध्ये आले. मुखरू काही सांगत होता, बोट दाखवत होता. तेवढ्यात त्याला दुकानावरून कोणीतरी हाक मारली आणि तो पळाला. अयूबभाई एकटे उभे राहिले. मग अंदाजानं चार पावलं पुढे आले आणि जिवतीच्या बसपाशी थांबले. गॉगल काढला. त्या बसच्या एका खिडकीकडे तोंड वर करून त्यांनी हात हलवला.

“शगुफ्ता,” ते म्हणत होते, “चाळीस दिवस पुरे करूनच ये. मी सांगीन लोकाले. मीच सांगीन. ऐकून राह्यली का?”

त्या खिडकीत बसलेली घाटाकडच्या खेड्यातली एक म्हातारी गोंधळून त्यांच्याकडे पाहत होती.

सहा पावलांवर शगुफ्ता बसली होती. एक हाक मारली असती तर ते वळले असते. पण हाक मारली असती तर ती उतरली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिनं बुरख्याचं टोक दातांत धरलं आणि समोरच्या सीटच्या दांडीला दोन्ही हातांनी घट्ट पकडून बसली. ड्रायव्हर चढला. बस हलली तेव्हा अयूबभाई अजून त्या म्हातारीशी बोलत होते.